हात सोडला तरी जागेवर राहणारा कॅमेरा

३ फेब्रुवारीला फोन आला. लघुपटात जवळपास तीन मिनिटांचा एक सलग शॉट होता: नटीच्या मागे जिना उतरायचा, लांबलचक बोळातून जायचं आणि दारातून बाहेर मोकळ्यावर यायचं. ‘तुला स्टेडिकॅम येतो ना?’ मी ‘हो’ म्हणाले. येत नव्हता. स्टेडिकॅम म्हणजे चालतानाही चित्र हलू नये म्हणून कॅमेरा अंगावर बांधायचं यंत्र; त्या सगळ्या साजाला मी पुढे रिग म्हणतेय. मोटारवाला हातातला गिंबल, म्हणजे कॅमेरा सरळ ठेवणारी मूठ, मी बरीच वर्षं वापरत होते, त्यामुळे वाटलं, तेच काहीतरी अंगावर चढवायचं असेल. हा गैरसमज फिटायला मला तीन आठवडे लागले. कुणी अशाच फोनला ‘हो’ म्हणून बसलं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

हातातल्या गिंबलवर का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. एक तर वजन. कॅमेरा, सिनेमाची लेन्स, मॅट बॉक्स (लेन्सपुढची, नको तो प्रकाश अडवणारी चौकट), फोकसची मोटार, व्हिडिओ ट्रान्समीटर असा सगळा साज धरून आमचा कॅमेरा ६.२ किलो भरला. तेवढं वजन हात पुढे करून तीन मिनिटं धरणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. दुसरं म्हणजे मोटारवाला गिंबल कॅमेऱ्याचं वळणं-झुकणं सावरतो, पण चालताना आपलं सगळं शरीरच वर-खाली होतं, ते तो सावरत नाही. जिन्यावर तर प्रत्येक पायरी चित्रात मोजता येते. ते वर-खाली होणं सावरणं हेच स्टेडिकॅमच्या आर्मचं, म्हणजे कॅमेरा पेलणाऱ्या स्प्रिंगच्या हाताचं, काम.

एका जुन्या ऑपरेटरना फोन केला. सेटवर सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. माझं ऐकून ते आधी हसले, मग म्हणाले, “शूट कधी आहे? चोवीसला? मग रिग दहाला घरी आण. शूटच्या आदल्या दिवशी आणलीस तर मला फोन करू नकोस.”

दोन आठवड्यांचं भाडं निघणार म्हणून निर्मात्याने आढेवेढे घेतले. शेवटी सरावाच्या दिवसांचं भाडं माझ्या मानधनातून कापायचं ठरलं. थोडक्यात, शिकण्याचे पैसे मीच भरले. भाड्यापेक्षा अनामत रक्कम कितीतरी मोठी होती, तीही आधी. करारावर सह्या करण्यापूर्वी चौदा वस्तूंची यादी आली, प्रत्येकीपुढे अनुक्रमांक. इथे घाई करू नका. मी प्रत्येक वस्तू पेटीतून काढून अनुक्रमांक ताडून पाहिला, ओरखड्यांचे फोटो काढले आणि ते तिथूनच त्यांना पाठवून दिले. तीन गोष्टी विचारून घेतल्या, त्या दादांनी पढवल्या होत्या. आर्म किती किलोपासून किती किलोपर्यंत पेलतो? (खालची मर्यादाही महत्त्वाची, कॅमेरा फार हलका असला की आर्म वरच चढून बसतो.) बॅटरी बसवायची पाटी कुठल्या जातीची, व्ही-माउंट की दुसरी? आणि कॅमेरा रिगवर बसवायची प्लेट सोबत आहे का? प्लेट नव्हती. यादीत होती, पेटीत नव्हती. ती मिळायला दोन दिवस गेले आणि दहाची बारा तारीख झाली.

बॅटऱ्यांबद्दल एक सांगून टाकते, कारण शूटला आम्हाला विमानाने जायचं होतं. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा नेता येते. १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते आणि तशा दोनच नेता येतात. मी ९८च्या घेतल्या. आकडा बॅटरीवर छापलेला असतो, तो पुसट झाला असेल तर तपासणीत वाद होतो. संपर्काच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवा.

दोन दिवस प्लेट नाही म्हणून फक्त व्हेस्ट, म्हणजे आर्म जोडायचं जाकीट, घालून घरभर फिरले. हा वेळ वाया जाईल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. व्हेस्टची मापं बहुतेक पुरुषी धडाच्या हिशेबाने लावलेली असतात. माझं धड आखूड, त्यामुळे मधली उभी पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत खाली घ्यावी लागली. दादा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी खांद्याच्या पट्ट्यांखाली दोन बोटं घालायला लावली. बोटं सहज गेली पाहिजेत. भार खांद्यांवर नाही, कमरेच्या हाडांवर यायला हवा. कमरपट्टा मला वाटत होता त्यापेक्षा बराच घट्ट लागतो. छातीचा पट्टा दीर्घ श्वास घेऊन आवळायचा, नाहीतर दहा मिनिटांत धाप लागते. व्हेस्ट झटक्यात सोडवायची पिन कुठे आहे, हे डोळे मिटून सापडेपर्यंत शोधली. जिन्यावर पाय घसरला तर तीच पिन कामाची, असं दादा म्हणाले आणि माझ्या पोटात गोळा आला.

आता तोल. बहुतेक लोक घाई करतात ती इथेच, म्हणून जरा सावकाश सांगते.

रिगचे तीन भाग. व्हेस्ट, दोन सांध्यांचा स्प्रिंगचा आर्म आणि स्लेड. स्लेड म्हणजे एक उभा दांडा, त्याच्या माथ्यावर कॅमेरा, पायथ्याशी मॉनिटर आणि बॅटरी, आणि मध्ये कुठेतरी गिंबल (हा मोटारीचा नाही, सगळ्या बाजूंना फिरणारा नुसता सांधा). गॅरेट ब्राउन या अमेरिकन कॅमेरामनने १९७०च्या दशकात हे यंत्र बांधलं, १९७८ साली त्यासाठी ऑस्करही मिळालं. त्यातली मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट ही: कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य कॅमेऱ्याच्या पोटात असतो, तिथे हात पोचत नाही. खाली वजन टांगलं की तो पोटातून बाहेर येतो, दांड्यावर उतरतो, आणि मग त्याला नेमक्या जागी दोन बोटांनी धरता येतं. शिवाय वजनं एकमेकांपासून लांब गेल्यामुळे सगळी रिग आळशी होते. तिला हलवायला वेळ लागतो आणि छोटे धक्के ती मनावर घेत नाही.

प्लेट आली त्या संध्याकाळी जड स्टँड उभा केला, पायांवर वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या. स्टँडच्या टोकाला एक खुंटी असते, तिच्यावर गिंबलची मूठ बसते आणि स्लेड लटकतो. त्याआधी कॅमेऱ्याचं काम. कॅमेऱ्याला शूटच्या दिवशी जे जे लागणार ते सगळं चढवलं, मेमरी कार्ड घातलं, लेन्सचं झाकण काढलं. मग टेबलावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवून तिच्यावर कॅमेरा तोलला. पुढे सरकवला तर लेन्स खाली, मागे घेतला तर बूड खाली. मध्ये एक जागा येते जिथे तो पेन्सिलीवर क्षणभर थबकतो, कुठे पडावं याचा विचार केल्यासारखा. तिथे बाजूला चिकटपट्टीची खूण केली. मग कॅमेरा आडवा फिरवून डाव्या-उजव्या बाजूची खूण. स्लेडवर चढवताना ही पुढची-मागची खूण दांड्याच्या मध्यरेषेच्या किंचित मागे ठेवायची, दोनेक सेंटिमीटरच्या आत. मागे का, ते पुढे कळेल. कॅमेरा बसला की खटका लागल्याचा आवाज ऐका आणि तरीही हाताने ओढून बघा.

पहिली चूक तिथल्या तिथे केली. गिंबल थोडा वर घ्यायचा होता म्हणून दांडा उभा असतानाच त्याची पकड ढिली केली. सगळा स्लेड, कॅमेऱ्यासकट, सर्रकन पाच सेंटिमीटर खाली घसरला. माझा दुसरा हात दांड्यावर होता म्हणून निभावलं. गिंबलची पकड कधीही दांडा आडवा करून, कॅमेऱ्याला हाताचा आधार देऊनच सोडवायची. मी हे लाल पेनाने लिहून स्टँडला चिकटवलं.

क्रम असा सांगतात: आधी डावी-उजवी बाजू, मग पुढे-मागे, मग वर-खाली. माथ्यावरच्या तबकाला फिरवायचे दोन खटके (नॉब) असतात, त्यांनी कॅमेरा मिलिमीटर-मिलिमीटर सरकतो. स्लेड सोडला की दांडा ज्या बाजूला कलतो तिकडची बाजू जड, म्हणून कॅमेरा उलट्या बाजूला. सोपं वाटतं. पण दांडा कलतो आणि हळूहळू झुलतो, झुलणं थांबायच्या आतच मी खटका फिरवत होते. दर वेळी हात काढून पूर्ण स्थिर होऊ द्यायचा, हे कळायला मला पाऊण तास लागला.

वर-खालीसाठी ‘ड्रॉप टाइम’ बघतात. दांडा आडवा धरायचा, सोडायचा, आणि तो उभ्या रेषेतून जाईपर्यंत किती सेकंद जातात ते मोजायचं. बूड जड असलं की तो धाडकन खाली येतो. गुरुत्वमध्यावरच धरला तर तिथेच आडवा पडून राहतो. दोन ते तीन सेकंद ही सुरुवातीला बरी जागा. गिंबल एक-दोन मिलिमीटर सरकवला तरी फरक दिसतो. पहिल्या दिवशी मी दीड सेकंद ठेवला होता, कारण बूड जड असलं की कॅमेरा आपोआप सरळ उभा राहतो आणि नवख्याला धीर येतो. त्याची किंमत नंतर मोजावी लागते: चालायला लागलं की दांड्याचं बूड मागे झुलतं, थांबलं की पुढे, घड्याळाच्या लंबकासारखा. शिवाय जिन्यावर लेन्स खाली झुकवायची तर ते तिला सतत वर ओढतं. शेवटी मी तीन सेकंदांवर आले. ड्रॉप बघताना दुसरा हात दांड्याच्या वाटेवर तयार ठेवा, आणि कॅमेरा स्टँडवर आपटणार नाही ना ते आधी हळूच फिरवून बघा.

स्थिर तोल साधला, रात्रीचे अकरा वाजले होते, मला वाटलं झालं. दादांना फोटो पाठवला. उत्तर आलं: “फिरवून बघ.”

दांडा दोन बोटांनी गर्रकन फिरवला. आणि जो कॅमेरा स्थिर असताना ओळंब्यासारखा सरळ होता तो भोवरा मरताना डुलतो तसा डुलायला लागला. हा चल तोल. स्थिर असताना तोल साधणं म्हणजे वजनांची नुसती बेरीज जुळणं. फिरताना प्रत्येक वजन बाहेर ओढतं आणि ती ओढ कुठल्या उंचीवर आहे याला महत्त्व येतं. माझ्या स्लेडवर मॉनिटर पुढे आणि जरा वर, बॅटरी मागे आणि तळाशी. दोघांची उंची वेगळी म्हणूनच कॅमेराही दांड्याच्या किंचित मागे लागतो. मघाची पेन्सिलीची खूण इथे कामाला आली. मी ती जवळजवळ मध्यरेषेवर ठेवली होती.

त्या रात्री काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पुन्हा. बॅटरी एक सेंटिमीटर आत, म्हणजे स्थिर तोल गेला, म्हणून कॅमेरा मागे, तोल पुन्हा साधला, फिरवला, डुलला. बॅटरी आणखी थोडी आत. पुन्हा सगळं. मॉनिटरला हात लावायचा नाही असं दादांनी बजावलं होतं, कारण तीन वजनं एकदम हलवली की कशामुळे काय झालं ते कळतच नाही. एक स्थिर ठेवायचं, दोघांशी खेळायचं. प्रत्येक वेळचं माप वहीत लिहिलं. सातव्या फेरीला दांडा फिरवला आणि तो उभा राहिला. कॅमेरा गरागरा फिरतोय आणि दांड्याच्या मध्यावरची चिकटपट्टीची रेघ जागची हलत नाहीये. मी ते तीन-चार वेळा उगाच फिरवून बघितलं. फार जोरात फिरवू नका, दोन-तीन सेकंदांत एक फेरा पुरे. शॉटमध्ये सहसा त्याहून जोरात वळावं लागत नाही.

अंगावर पहिल्यांदा १५ तारखेला घेतली. सोबत एक असिस्टंट मुलगा होता, तो मागे उभा. आर्मच्या स्प्रिंगचा ताण असा लावायचा की हात सोडला तर दोन्ही भाग आडवे किंवा आडव्याच्या किंचित वर तरंगले पाहिजेत. व्हेस्टला आर्म जिथे जोडतो तिथे दोन स्क्रू असतात, एक पुढे-मागच्या कलासाठी, एक डाव्या-उजव्या. माझी रिग सारखी पुढे पळत होती आणि मी ती ओढून धरत होते. दहा मिनिटांत कंबर धरली. दादा स्क्रीनवर बघत होते. “अगं, तू तिच्याशी भांडतेयस. हात सोड.” सोडला तर रिग तरंगत पुढे निघाली. “आता स्क्रू फिरव. आणि पोट बाहेर काढून उभी राहू नकोस, खांदे जरा मागे घे.” अर्धा आटा फिरवला, पुन्हा हात सोडला. पुढे गेली, पण हळू. आणखी अर्धा. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हात बाजूला केले आणि रिग माझ्या डाव्या कुशीजवळ हवेत तशीच उभी राहिली. जाईना कुठे. असिस्टंट म्हणाला, “ताई, श्वास घ्या.”

अंगावर एकूण १७ किलोच्या आसपास होतं. पण तोल बरोबर असला तर ते अंगाला एक जडशीळ बॅग वाटते आणि चुकलेला असला तर कुणीतरी शर्ट धरून ओढतंय असं. पुढचे आठ दिवस जेव्हा जेव्हा दंड किंवा कंबर दुखली तेव्हा मी व्यायाम कमी पडतोय असं समजून रडत बसायच्या ऐवजी रिग स्टँडवर ठेवून तोल तपासला. बहुतेक वेळा काहीतरी सरकलेलं सापडायचं.

सराव कंटाळवाणा होता, थोडक्यात सांगते. भिंतीवर चिकटपट्टीची फुली, जमिनीवर एक सरळ रेघ. रेघेवरून फुलीकडे चालायचं आणि तशाच मागे यायचं, मॉनिटरमधली फुली मध्यावरून हलू द्यायची नाही. उजवा हात गिंबलच्या मुठीवर, तो कॅमेरा कुठे जाणार ते ठरवतो. डावा दांड्यावर, अंगठा आणि दोन बोटं, तो कॅमेरा कुठे बघणार ते ठरवतो. दांडा पकडायचा नाही, बोटं टेकवायची. मी पकडत होते, आणि माझ्या हाताची प्रत्येक थरथर चित्रात जात होती. दर वीस मिनिटांनी उतरवायची, अर्धा तास विश्रांती. जिना आधी रिगशिवाय उतरले, पायऱ्यांकडे न बघता, मोजून. वीसेक वेळा तरी.

१९ तारखेला नवंच संकट. कॅमेरा उजवीकडे कलायला लागला, कितीही सरकवला तरी. तोल साधला, दांडा अर्धा फेरा फिरवला, तर पुन्हा कललेला. दादांनी एकच विचारलं: “दांडा फिरवल्यावर कल कॅमेऱ्याबरोबर फिरतो की जागच्या जागी राहतो?” जागच्या जागी राहत होता. म्हणजे तोल बरोबर होता, गिंबलचं केंद्र सरकलेलं होतं. ज्यांच्याकडून भाड्याने आणली होती ते आधी म्हणाले की मीच पाडली असेल. मी बारा तारखेपासूनचे फोटो आणि व्हिडिओ पाठवले. एक दिवस शांतता, मग दुसरा गिंबल आला, करारावर नवीन अनुक्रमांक लिहून पुन्हा सही. रिग घेतल्याच्या दिवशीच ही अर्ध्या फेऱ्याची चाचणी करा. मी केली असती तर दोन दिवस वाचले असते.

शूटच्या दिवशी सकाळी वहीतल्या मापांनी सगळं पंचवीस मिनिटांत जुळलं. मी खूश. तेवढ्यात दिग्दर्शकाच्या मॉनिटरसाठी दुसरा ट्रान्समीटर आला, जुन्याहून जड, आणि तो कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला लावला. सोबत जाड, ताठ केबल. ताठ केबल स्प्रिंगसारखी वागते, दांडा एका बाजूला ढकलत राहते. तिच्या जागी पातळ केबल शोधली, ढिला वेढा देऊन बांधली, मग तोल मुळापासून पुन्हा. चाळीस मिनिटं. दिग्दर्शक दोनदा येऊन घड्याळ बघून गेला. मला ‘चालेल, असंच घेऊ’ म्हणायचा मोह झाला होता, घाबरून म्हणाले नाही इतकंच.

असिस्टंटचा हात पूर्ण जिनाभर माझ्या कमरपट्ट्यावर. पहिला टेक फोकस गेला म्हणून वाया. दुसऱ्यात दाराच्या चौकटीला बॅटरी घासली, कारण मी स्लेडची लांबी विसरून वळले. दारातून जाताना कॅमेरा सरळच ठेवून स्वतः तिरकं व्हायचं असतं, सरावात दार नव्हतं. तिसऱ्यात बाहेर वारा. मॅट बॉक्स म्हणजे शीडच, वाऱ्याने लेन्स हळूहळू डावीकडे वळवली आणि माझ्या दोन बोटांना ते सावरेना. मॅट बॉक्सचं वरचं झाकण काढून टाकलं, दारापाशी दोघांनी काळा पुठ्ठा धरला. मॅट बॉक्स हलका झाला म्हणून कॅमेरा खटक्याने दोन मिलिमीटर पुढे. चौथा टेक ठीक. पाचवा त्याहून बरा, त्यातही जिन्याच्या वळणावर क्षितिज किंचित कललंय, मला दिसतं. संकलनात चौथा राहिला की पाचवा ते मला अजून सांगितलेलं नाही.

२६ तारखेला रिग परत केली. यादीतल्या चौदा वस्तूंपुढे खुणा झाल्या, एक सोडून: चार मिलिमीटरची ॲलन की. पेटी तीनदा उलथी केली. ती माझ्या पँटच्या मागच्या खिशात होती, सरावापासून तिथेच. अनामत रक्कम नवव्या दिवशी खात्यात आली, गिंबलच्या कुरियरचा खर्च वजा करून. त्याबद्दल पत्र लिहिलंय, उत्तराची वाट बघतेय.